बिराजदार अण्णा आणि खरं-खोटं मशीन

बिराजदार अण्णांनी चहाचा कप रिकामा करून खाली ठेवलाय, असं मी कधी पाहिलं नाही. दोन घोट घेतले की त्यांना काहीतरी आठवायचं. कप खिडकीत, जिन्यावर, कुणाच्या तरी मोटारसायकलच्या सीटवर, जिथं जमेल तिथं टेकवायचे आणि चालायला लागायचे. नांदेडला वजिराबादेत आमचं दुकान होतं. कॅमेरे, अंगठ्याची हजेरी मशीन, सायरन, इंटरकॉम असलं सगळं आम्ही विकायचो आणि बसवून द्यायचो. बसवायचं काम माझं, विकायचं अण्णांचं. दुपारी दुकान आवरायला काढलं की त्यांचे अर्धे प्यालेले कप कुठनं कुठनं निघायचे.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गाव निलंग्याजवळचं, त्यामुळं आईशी फोनवर कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि ट्रॅफिकशी दोन्हींत भांडण. एका जागी बसणं त्यांना जमायचंच नाही. कुणाच्या ऑफिसात गेले की बोलता बोलता भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर सरळ करायचे, थांबलेल्या घड्याळाचा सेल काढून फिरवून बघायचे, टेबलावरचा पेनस्टँड उजवीकडून डावीकडं न्यायचे. समोरच्याला राग यायला पाहिजे खरं तर. पण यायचा नाही. तोवर अण्णांनी "साहेब, गाव कोणतं तुमचं?" हा पहिला प्रश्न विचारलेला असायचा, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्यांची कुणीतरी आत्या त्या गावात दिलेली निघायची. भाव ते कधी सांगत नसत. भाव गिऱ्हाईकच विचारायचं, जरा लाजत.

"माणसाला वस्तू नको असती, प्रकाश," ते मला म्हणायचे. "त्याला निवांत झोप पाहिजे असती. आपण झोप विकायलोत." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाल डोळ्यांनी दुकानात यायचे, कारण स्वतःला झोप कधी लागायची नाही. वहिनी म्हणायच्या, हे रात्रभर घरातल्या घरात लातूरला जाऊन येतात.

त्या वर्षी मालकांनी हैदराबादच्या एका कंपनीची दोन जिल्ह्यांची एजन्सी घेतली. कंपनीचा माणूस आला तो भर उन्हात कोट घालून. त्यानं दुकानात लॅपटॉप उघडला, एक छोटा माइक लावला आणि मालकांना म्हणाला, "साब, चेहरा झूठ बोल सकता है, आवाज नहीं." प्रश्न विचारायचा, समोरच्यानं हो की नाही ते बोलायचं, आणि पडद्यावर पट्टी उठायची. हिरवी म्हणजे ठीक. पिवळी म्हणजे शंका. लाल म्हणजे समजून घ्या. बँका, शाळा, सोनार, कारखाने, सगळ्यांना लागणार आहे हे, तो म्हणाला. दर वर्षी नवं लायसन घ्यावं लागणार. आणि टार्गेट झालं तर मालकांना जोडीनं बँकॉक.

अण्णांना ते मशीन इतकं आवडलं की त्यांनी आधी वहिनींना, मग चहावाल्याला, मग शेजारच्या टेलरला माइकपुढं बसवलं. टेलरला विचारलं, "माझी पँट उद्या देणार का?" तो म्हणाला, देणार. पट्टी लाल झाली. सगळं वजिराबाद हसलं. दुकानात त्याचं नाव आम्ही खरं-खोटं मशीन ठेवलं आणि पुढं गिऱ्हाईकसुद्धा तेच म्हणायला लागलं.

पहिलं मोठं काम चाकूरकडच्या एका शाळेत निघालं. शाळेचा अ‍ॅम्प्लिफायर गेला होता आणि मुख्याध्यापकांना तो शिक्षकांपैकीच कुणीतरी नेल्याचा संशय होता. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना बसवलेलं. अण्णा उभे राहून, नव्हे, येरझाऱ्या घालत, मशीन काय काय पकडतं ते सांगायला लागले. घशातलं पाणी पकडतं, छातीतला ठोका पकडतं, मनात आलेला शब्द जिभेवर यायच्या आत पकडतं. मी कोपऱ्यात खाली बसून प्लग शोधत होतो. तेवढ्यात खेळाचे सर उठले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "सर, जरा भायेर येता का?" अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या पुतण्याच्या हळदीला गेला होता आणि तिथं जळाला होता.

परत येताना अण्णा एवढे हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. "यप्पा! अरे, अजून चालू बी केलं न्हवतं की आपण!" पुढं ती गोष्ट त्यांनी नांदेड-लातूरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. हळद, पुतण्या, खेळाच्या सरांचा पडलेला चेहरा, सगळं. मशीन बंद होतं एवढं एक सोडून सगळं खरं सांगायचे.

त्याच गोष्टीवर लातूरच्या एका क्लासनं मशीन घेतलं. मोठा क्लास, डॉक्टर-इंजिनिअरच्या परीक्षांची तयारी, शेजारीच मुलींचं होस्टेल. क्लासचे संचालक सर आखडत्या शब्दांचे, कडक इस्त्रीचे गृहस्थ. दर आठवड्याच्या चाचणीचा पेपर आदल्या दिवशी कुणीतरी फोटो काढून पोरांच्या मोबाईलवर पाठवत होतं. संशय काही मुलांवर होता. सर म्हणाले, पहिल्या वेळी तुम्हीच चालवून दाखवा.

सरांच्या केबिनमध्ये एसी चालू होता आणि मुलं एकेक करून आत येत होती. कुणी हिरवं, कुणी पिवळं. मग श्रावणी आली. देगलूरच्याही पलीकडच्या गावातली, तेलंगणाच्या शिवेवरची पोरगी. घरात तेलुगू. मराठी बोलायची ती मनात एकदा जुळवून मग बोलायची. सरांनी विचारलं, "कपाट उघडून पेपरचा फोटो तू काढलास?"

तिनं थोडा वेळ घेतला. "न्हाई."

लाल.

"कुणी काढला ते तुला माहीत आहे?"

"न्हाई, सर."

लाल.

"मला परत विचारा की," ती म्हणाली. "मी हळू बोलते."

"हळू बोलल्यानं खोट्याचं खरं होत नसतं," सर म्हणाले, पण विचारलं. पट्टी पुन्हा वर गेली. तेव्हा ती पोरगी सरांकडं न बघता अण्णांकडं वळली. तिला बहुतेक वाटलं असावं, मशीन ज्याचं आहे त्याला समजेल. "काका, तुम्ही सांगा ना ह्याला. ह्याला माझं बोललेलं कळंना झालंय."

अण्णा उभेच होते. त्यांचा हात टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडं गेला आणि तिथंच राहिला.

संध्याकाळी तिचे वडील तिला घरी न्यायला टेम्पो घेऊन आले. आम्ही तोवर होस्टेलच्या गेटचे कॅमेरे बसवत होतो. पोरीची पेटी, पुस्तकांची पोती, गादी बाहेर आली. अण्णा पळत गेले आणि गादीचं एक टोक धरायला लागले. वडिलांनी त्यांच्या हातातून ते टोक काढून घेतलं. रागानं नाही, नुसतं काढून घेतलं. टेम्पोत बसताना पोरगी नान्ना, नान्ना म्हणून बापाला तेलुगूत काहीतरी सांगत होती आणि बाप सरळ समोर बघत होता.

अहमदपूर आल्यावर अण्णा म्हणाले, "त्या पोरीनं काय केलं असंल नसंल, मला काय ठाव न्हाई. पण ती बोलत व्हती तवा मी तिच्याकडं बघितलंच न्हाई रं. मी पट्टीकडं बघत व्हतो. माणूस समोर बसलाय, आन् मी पट्टीकडं बघायलोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अण्णांनी शटर अर्धं ओढलं, मशीन लावलं आणि स्वतःच माइकपुढं बसले. "माझं नाव शिवकांत बिराजदार." पिवळी. पुन्हा तेच. हिरवी. पुन्हा. लाल. "माझं गाव मुंबई." हिरवी. "मला कानडी येत न्हाई." हिरवी. मला बसवलं, पोस्टमनला बसवलं. मग आईला फोन लावून फोन माइकसमोर धरला आणि कानडीत विचारलं, तुझं नाव काय? म्हातारीचा आवाज थरथरा. नाव सांगितलं, पट्टी लाल. पुढं ती काय म्हणाली ते अण्णांनीच मला मराठीत सांगितलं, "म्हणायली, आईचं नाव इसरलास का, जेवायला कोण देईना झालंय का तुला?" सांगताना ते हसले. पण पट्टीवरची नजर काही हलली नाही.

तिथल्या तिथं त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. लाल म्हणजे नक्की काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तो माणूस आधी शास्त्र सांगत राहिला. आवाजातला ताण, सूक्ष्म कंप, परदेशातली संशोधनं. अण्णा म्हणाले, "ते समदं ऱ्हाऊ द्या. माझ्या आईला स्वतःचं नाव खरं सांगता येईना का?" मग तो जरा हसला आणि सरळ बोलला. "बिराजदारजी, हमने कहीं झूठ लिखा है क्या? लाल का मतलब और पूछो. फैसला तो कस्टमर करता है." आणि पुढं म्हणाला, लोक घाबरून कबूल होतात ना? तुमच्या चाकूरला झालं ना? मग चालतंय की मशीन.

फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. मालकांना सांगून काही झालं नाही. मालक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बिराजदार, आपण चाकू विकला तर त्यानं कांदा कापायचा की बोट, ते आपण बघायचं का?"

"मालक, चाकूनं कांदा कापतो तरी. ह्यानं काय कापतंय?"

मग त्यांनी लातूर गाठलं. मी सोबत होतो, कॅमेऱ्याची एक तार उंदरानं कुरतडली होती. संचालक सरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मी दारात शिडीवर होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. सर म्हणाले, "ते नीट चालत नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी शास्त्र शिकवतो, बिराजदार. पण त्या दिवसापासून एकही पेपर फुटलेला नाही."

"आन् पोरगी?"

"एक मुलगी गेली. बाकीची सगळी सरळ झाली."

क्लासचं पेपर फुटल्याचं प्रकरण असं मिटलं होतं.

अण्णा श्रावणीच्या गावाला गेले. हे मला त्यांनी नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं, उभ्या उभ्या. वडिलांनी घरात घेतलं नाही. पाणी मात्र दिलं. अण्णा अंगणात उभे राहून म्हणाले, माझं मशीन चुकीचं हाय, तुमच्या पोरीचा दोष न्हाई, मी माफी मागायला आलोय. बाप म्हणाला, गावात आता सगळ्यांना माहीत झालंय की मशीननं पकडली. तुमच्या माफीचं मी काय करू? कुठं चिकटवू? तेव्हा पोरगी आतून आली. अण्णा म्हणायचे, आता मराठी एकदम सरळ बोलली, न जुळवता. "इथं येऊन काय सांगायलात? इथं कुणी विचारलं होतं मला? जिथं विचारलं तिथं जाऊन सांगा."

दिवाळीआधी क्लासची पालकसभा असायची. लातूरच्या एका मंगल कार्यालयात, गावोगावचे आईबाप एसटीनं, जीपनं, मोटारसायकलवर डबल सीट येऊन बसायचे. संचालक सरांना त्यात मशीन दाखवायचं होतं. आमच्याकडं शिस्त आहे, आमच्याकडं खरेपणा तपासला जातो, हे पालकांना पटवायचं होतं. कंपनीचा कोटवाला येणार होता, कारण आणखी क्लासवाले बघायला येणार होते. मालकांनी अण्णांनाच पाठवलं. अण्णांसारखं दाखवणारं दुसरं कोण होतं?

गाडीत ते मला म्हणाले, "प्रकाश, मोठा पडदा नीट लाव. मागच्यांना बी पट्टी दिसली पाहिजे." त्या दिवशी त्यांचा पाय एकसारखा हलत होता. मला वाटलं, नेहमीचंच.

सभेत सर बोलले, टाळ्या झाल्या, मग अण्णा माइकपाशी गेले. मागं भिंतभर पडदा. ते म्हणाले, "राम राम. माझं नाव शिवकांत बिराजदार. निलंग्याकडचा मी." पडद्यावर पट्टी लाल झाली. लोक हसले, त्यांना वाटलं, गंमत आहे. अण्णांनी पुन्हा सांगितलं. पिवळी. पुन्हा. लाल. हसणं थांबत गेलं.

"हे मशीन मीच विकलंय," ते म्हणाले. आवाज कापत होता, पट्टी वर-खाली नाचत होती. "तुमच्यासारख्याच एका घरची लेक ह्याच्यावरून घरी धाडली. देगलूरकडची. ती खरं बोलली का खोटं, मला ठाव न्हाई. सरांना ठाव न्हाई. ह्याला तर न्हाईच न्हाई. तिला ह्याच क्लासात विचारलं व्हतं, मनून इथं सांगायलोय."

सरांनी खूण केली आणि माइक बंद झाला. अण्णा तसेच, बिनमाइकचे, आणखी काहीतरी बोलत होते. मागच्यांना ते ऐकू गेलं नाही. कोटवाला पुढच्या रांगेतून उठून बाहेर निघून गेला. मी वायरी गुंडाळायला लागलो कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

आणि मग जे झालं त्याचा धक्का अण्णांना नोकरी जाण्यापेक्षा मोठा होता. बाहेर मांडवात चार-पाच पालकांनी त्यांना गाठलं. मला वाटलं, भांडायला आले. एक फेटेवाले पाव्हणे अण्णांचा हात धरून हळूच म्हणाले, "अण्णा, तुमचं बरोबर हाय. पण आमच्या पोरीला एकडाव बसवता का? तिला कुणाचा तरी फोन येतो सारखा. खरं कळलं न्हाई तर न्हाई, निदान भिईल तरी." दुसऱ्या एका बाईंना मुलाच्या बिडीचं विचारायचं होतं. अण्णा एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिले. "आत्ता सांगितलं की मी," ते म्हणाले. "आत्ता, तुमच्यासमोर."

"हाव, ऐकलं की," पाव्हणे म्हणाले. "तरी बी."

मालकांनी त्यांना आठवड्याभरात काढलं. कंपनीनं बदनामीची नोटीस पाठवली आणि तारखा सुरू झाल्या. श्रावणीच्या घरी क्लासचा निरोप गेला की यायचं असेल तर ये. चूक झाली असं त्यात कुठंही नव्हतं. ती गेली नाही. नांदेडला मावशीकडं राहून शिकते, असं पुढं अण्णांकडूनच कळलं. काय शिकते म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "तिचं ती बघल. आपण काय तिची मार्कशीट तपासायची का?" फोटो तिनं काढला होता का, असंही मी एकदा विचारलं. अण्णांनी खांदे उडवले. "काढला बी असंल. मग तसं शोधायचं व्हतं की. बसून, बोलून. लई येळ लागतो त्याला, मनून कुणी करंना."

ते मग सोलरचे पंप विकायला लागले, मग ते सोडून निलंग्याला आईकडं गेले. पण एक नाद लागला तो लागला. कुठं कुणाला त्या मशीनपुढं बसवणार असं कानावर आलं की अण्णा तिथं हजर. उदगीरचा एक सोनार, अहमदपूरचं एक गोदाम. कुणी ऐकायचं, बहुतेक जण हाकलायचे. आमच्या दुकानातून मशीनं जात राहिली. लोकांना आता ती माहीत झाली होती, फारसं पटवावंही लागायचं नाही. वहिनी एकदा रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पहिल्यांदा विकायला पळायचे, आता नको म्हणायला पळतेत. पळणं काय सुटंना."

मागच्या उन्हाळ्यात मी निलंग्याला एका पतसंस्थेत कॅमेरे दुरुस्त करायला गेलो होतो. तिजोरीच्या किल्ल्या काही वेळ सापडल्या नव्हत्या, आणि काउंटरवरच्या एका मुलीला मशीनपुढं बसवायचं ठरलं होतं. नवीनच लागलेली, विशीतली. ती बाहेर पायऱ्यांवर उभी होती आणि तिच्यापुढं अण्णा. केस पांढरे झालेले, शर्ट तसाच. मी शिडीवरून बघत होतो. त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.

"तू न्हाई म्हण," ते तिला सांगत होते. "मी बसत न्हाई म्हण. तुझ्या मर्जीबिगर कुणाला बसवता येत न्हाई. कायदा हाय."

"न्हाई म्हणलं तर मीच चोर ठरते की," ती म्हणाली.

आतून मुलीच्या नावानं हाक आली. तिनं ओढणी सारखी केली आणि दारातून आत शिरली. अण्णा तिच्यामागं निघाले. दारातल्या शिपायानं हात आडवा लावला.

"तुम्ही कुठं? तुम्ही कोण तिचे?"

मुलगी आत थबकली आणि वळून बघायला लागली.

"मामा हाय मी तिचा," अण्णा म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही.

शिपायानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा मुलीकडं. मुलीनं मान डोलावली. मग त्यानं हात काढला आणि ते दोघं आत गेले.